केपचा पेंग्विन : पाच शतकांचा जमाखर्च

मे १४९८ मध्ये वास्को द गामाची गलबते कालिकतच्या किनाऱ्याला लागली, ही गोष्ट आपल्याकडे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. त्या घटनेपासून हिंदुस्थानच्या पश्चिम किनाऱ्याचे, पुढे गोमंतकाचे आणि कोकणचे काय झाले, हाही आपल्या परिचयाचा विषय आहे. पण त्याच सफरीत, कालिकतला पोचण्यापूर्वी सुमारे सहा महिने, एक लहानशी गोष्ट घडली. ती आपल्या इतिहासग्रंथांत सहसा येत नाही. नोव्हेंबर १४९७ मध्ये आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला वळसा घालून ही गलबते एका उपसागरात नांगर टाकून राहिली. आज त्या उपसागराला मॉसल बे म्हणतात. तेथील एका बेटावर खलाशांना सील प्राण्यांचे मोठे कळप दिसले, आणि त्यांच्या शेजारी बदकाएवढे काही पक्षी दिसले. सफरीची रोजनिशी लिहिणाऱ्याने नमूद केले आहे की, या पक्ष्यांच्या पंखांना पिसे नसल्यामुळे त्यांना उडता येत नाही आणि ते गाढवासारखे ओरडतात. खलाशांनी ते हवे तितके मारले, हेही त्याने लिहून ठेवले आहे.

हे पक्षी म्हणजे पेंग्विन. पेंग्विन म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे दक्षिण ध्रुवाकडचा बर्फ उभा राहतो. परंतु हा पेंग्विन बर्फ न पाहिलेला आहे. आफ्रिकेच्या दक्षिण व नैर्ऋत्य किनाऱ्यावरील खडकाळ बेटे हे त्याचे घर. मुंबईच्या राणीच्या बागेत २०१६ साली जे हम्बोल्ट पेंग्विन आणले गेले, ते दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यावरचे असले तरी याचेच जवळचे भाऊबंद होत. तेव्हा ज्यांनी राणीची बाग पाहिली आहे त्यांना याच्या रूपाची वेगळी ओळख करून देण्याची गरज नाही.

आज आम्ही आपल्यापुढे मांडणार आहोत तो या एका पक्ष्याचा पाचशे वर्षांचा इतिहास. पक्ष्याला कसला इतिहास, असे कोणी विचारील. ज्याला दप्तर नाही, बखर नाही, त्याचा इतिहास कसा लिहावा? पण या पक्ष्याचे दप्तर माणसाने लिहून ठेवले आहे. किती मारले, किती अंडी उचलली, किती टन खत खणले, किती टन मासळी ओढली, याचे आकडे कंपन्यांच्या आणि सरकारांच्या वह्यांत आहेत. हा इतिहास आजच सांगण्याचे कारण असे की, ऑक्टोबर २०२४ मध्ये या पेंग्विनाची गणना ‘अतिसंकटग्रस्त’ जातींत करण्यात आली. जगातील अठरा जातींच्या पेंग्विनांपैकी ही पाळी प्रथम याच्यावर आली. बदलते हवामान हे त्याचे एक कारण म्हणून सांगितले जाते. ते खरेही आहे. परंतु हवामानाचा घाला या पक्ष्यावर कोणत्या अवस्थेत पडला, हे पाहिल्यावाचून त्या कारणाचा अर्थ लागत नाही, असे आमचे म्हणणे आहे.

नावाची गोष्ट

प्रथम नावाविषयी दोन शब्द. ‘पेंग्विन’ हे नाव मुळात या पक्ष्याचे नव्हेच. उत्तर अटलांटिकच्या थंड बेटांवर ग्रेट ऑक नावाचा एक मोठा, काळापांढरा, उडता न येणारा पक्षी असे. युरोपातील खलाशी त्याला पेंग्विन म्हणत. पुढे तेच खलाशी दक्षिणेकडील समुद्रांत गेले, तेथे त्याच्यासारखेच दिसणारे पक्षी त्यांना भेटले, आणि त्यांनी तेच नाव त्यांना दिले. वास्तविक या दोन पक्ष्यांचे कूळ अगदी वेगळे. साम्य दिसण्यात होते, आणि दैवातही होते. मांस, पिसे व तेल यांसाठी ग्रेट ऑक बेटाबेटांवर मारला गेला. त्याची शेवटची ज्ञात जोडी १८४४ च्या जून महिन्यात आइसलंडजवळच्या एल्डे नावाच्या खडकावर मारण्यात आली. नावाचा मूळ धनी संपला, नाव तेवढे उरले. याच १८४४ साली आफ्रिकेच्या पेंग्विनाच्या बेटांवर काय चालले होते, ते पुढे येईलच.

पक्षी आणि त्याचे पाणी

या पक्ष्याची राहणी समजल्याशिवाय त्याच्या संख्येचे गणित समजणार नाही. उंची दीड-दोन हातांच्या आत, वजन सुमारे तीन किलो. बहुधा चार वर्षांचा झाल्याखेरीज तो अंडी घालीत नाही. एका वेळी अंडी दोनच. सुमारे चाळीस दिवस नर-मादी आळीपाळीने ती उबवतात. पिल्ले झाली की एकाने घरट्यावर थांबावे आणि दुसऱ्याने समुद्रात जावे, अशी त्यांची वाटणी. पिल्लाला भरवणाऱ्या जोडीला फार दूर जाता येत नाही. उडणारा समुद्रपक्षी शंभर मैलांवरची मासळी शोधून आणील; पोहणाऱ्या पेंग्विनाचा पल्ला वीस-चाळीस किलोमीटरांचा. तेवढ्या टापूत मासळी असली तर पिल्लू जगते, नसली तर मरते.

वर्षातून एकदा तो सगळी पिसे एकदम टाकतो. नवी पिसे येईपर्यंत, म्हणजे सुमारे तीन आठवडे, त्याला पाण्यात शिरता येत नाही. हा त्याचा सक्तीचा उपास. उपासापूर्वी अंगावर चरबी चढलेली असावी लागते, आणि उपासानंतर ती लगेच भरून काढावी लागते. या दोन वेळा समुद्रात अन्न नसेल तर धडधाकट, प्रौढ पक्षीही मरतो. म्हणूनच या जातीचे खरे भांडवल म्हणजे तिचे प्रौढ पक्षी. सावकारी भाषेत बोलायचे तर अंडी-पिल्ले हे व्याज, आणि जुने जोडीदार हे मुद्दल.

आता पाणी. आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्याने दक्षिणेकडून उत्तरेकडे बेंग्वेला नावाचा थंड प्रवाह वाहतो. दक्षिणेकडचे वारे किनाऱ्यावरचे वरचे पाणी समुद्रात ढकलतात आणि त्याच्या जागी खालचे थंड पाणी वर येते. या पाण्यात क्षारांची रेलचेल असते. त्यांवर सूक्ष्म वनस्पती पोसल्या जातात, त्यांवर प्लवक, आणि प्लवकावर तारली व अँचोव्ही या माशांचे थवेच्या थवे. तारली आपल्या कोकणात कोणाला सांगायला नको. अँचोव्ही ही आपल्या मांदेलीच्या कुळातली. तारलीला एका वर्षी उधाण यावे आणि दुसऱ्या वर्षी ती दिसेनाशी व्हावी, हा अनुभव आपल्या दर्यावर्दी लोकांनाही आहे. केपचा पेंग्विनही हजारो वर्षे असे चढउतार पाहत आला. वाईट वर्षी पिल्ले गेली, तरी जुन्या जोड्या टिकून राहत आणि चांगल्या वर्षी तूट भरून निघे. निसर्गाने त्याला काटकसरीने जगण्याची युक्ती दिली होती. प्रश्न एवढाच की, त्या शिलकीचे पुढे काय झाले?

मांस, घर आणि अंडी

पहिला खर्च मांसाचा. पोर्तुगीजांमागून डच आले, इंग्रज आले. युरोपहून हिंदुस्थानाकडे जाणाऱ्या प्रत्येक गलबताला अर्ध्या वाटेवर ताजे अन्न हवे असे, आणि हा पक्षी तर पळूनही जात नसे. १६५२ साली डच ईस्ट इंडिया कंपनीतर्फे यान फान रिबेक केप येथे ठाणे घालून बसला. समोरच्या रॉबेन बेटावरून आणि उत्तरेकडच्या डॅसेन बेटावरून पेंग्विन व त्यांची अंडी आणवून त्या वसाहतीने आपली गरज भागवली. डच भाषेत ‘रॉबेन’ म्हणजे सील. पुढे नेल्सन मंडेला यांच्या कारावासामुळे जगाला माहीत झालेले बेट ते हेच. इ. स. १८०० च्या सुमारास रॉबेन बेटावर एकही पेंग्विन उरला नव्हता. आपल्या देशाकडे येणाऱ्या मसाल्याच्या वाटेचा हाही एक हिशेब आहे. तो आपल्या पुस्तकांत मांडलेला नसतो, एवढेच.

दुसरा खर्च घराचा. समुद्रपक्ष्यांची विष्ठा शतकानुशतके बेटांवर साचत आली होती. तो किनारा कोरडा. पाऊस नसल्यामुळे तिच्यातील नत्र वाहून जात नसे. या थराला ग्वानो म्हणतात. पेरू देशातला ग्वानो १८४० च्या सुमारास युरोपच्या बाजारात आला, आणि शेतीला असे खत दुसरे नाही हे तेथील शेतकऱ्यांना कळून चुकले. मग दुसरी बेटे शोधण्याची धांदल उडाली. आजच्या नामिबियाच्या किनाऱ्याजवळ इचाबो नावाचे एक चिमुकले बेट आहे. त्यावर सुमारे पंचवीस फूट जाडीचा ग्वानो होता. १८४४ साली, म्हणजे ग्रेट ऑक संपला त्याच वर्षी, या बेटाभोवती गलबतांची गर्दी सुरू झाली. ऐन भरात तेथे साडेचारशेच्या आसपास गलबते आणि हजारो मजूर जमले होते. १८४५ चा मध्य उलटण्यापूर्वी खाली नुसता खडक उरला. तेथून गर्दी सल्दान्हा उपसागरातील मालगास बेटाकडे वळली आणि तेही असेच खरवडून निघाले.

यात पेंग्विनाचे काय गेले? तो ग्वानोच्या थरात बीळ करून राही. बिळात सावली असे, गारवा असे आणि कुरव पक्ष्यांपासून अंड्यांना आडोसा असे. थर गेला आणि बीळही गेले. खडकावर उघड्यावर घरटे करण्याची वेळ त्याच्यावर आली. शेकडो वर्षांची ही इमारत वर्षा-दोन वर्षांत इंग्लंडच्या शेतांत पसरली गेली. ब्रिटिश सरकारने १८६१ साली इचाबो आणि १८६६ साली त्या किनाऱ्यावरची इतर बेटे आपल्या अमलाखाली घेतली. राज्यकारभाराच्या कागदांत या बेटांना नावच ‘पेंग्विन आयलंड्स’ असे पडले. ती १९९४ साली नामिबियाच्या स्वाधीन झाली. राज्ये बदलली, निशाणे बदलली. पण निशाण लावण्याचे कारण पेंग्विन हे नव्हते, खत हे होते.

तिसरा खर्च अंड्यांचा. पेंग्विनाचे अंडे उकडले तरी त्याचा पांढरा भाग कोंबडीच्या अंड्यासारखा पांढरा होत नाही, जेलीसारखा पारदर्शक राहतो. केपमध्ये हा एक चवीचा पदार्थ गणला जाई. विसाव्या शतकाच्या आरंभी एकट्या डॅसेन बेटावर सुमारे पंधरा लाख पेंग्विन असावेत असा अंदाज आहे. १९०० ते १९३० या तीस वर्षांत त्या बेटावर घातल्या गेलेल्या अंड्यांपैकी जवळजवळ निम्मी उचलली गेली. १९१९ या एका वर्षात ती संख्या सहा लाखांच्या घरात होती. ही चोरटी लूट नव्हती. बेटे सरकारी होती, अंडी गोळा करणारे सरकारी नोकर होते, विक्रीही सरकारी होती. ठराविक तारखेला जुनी अंडी काढून टाकायची, म्हणजे पक्षी नवी घालतात आणि ताजी मिळतात, अशी पद्धतही बसवलेली होती.

येथे एका गोष्टीकडे लक्ष वेधले पाहिजे. अंडी नेली तरी बेट रिकामे दिसत नाही. जुने पक्षी जिवंत असतात, दरवर्षी येतात, जोडी करतात, ओरडतात. पाहणाऱ्याला वाटते, काय ही गजबज! पण त्या गजबजीत तरुण किती हे कोण मोजतो? ज्या गावातले तरुण परगावी गेले आहेत त्या गावीही जत्रेच्या दिवशी गर्दी दिसते. तीस वर्षे व्याज तोडून खाल्ले की मुद्दल नवे होत नाही, आणि जुने आपल्या गतीने झिजत जाते. दीर्घायुषी जातींचा ऱ्हास असा उशिरा दिसतो. तो दिसू लागतो तेव्हा कारण जुने झालेले असते आणि लोक नवे कारण शोधू लागतात.

१९५६ साली रँड या शास्त्रज्ञाने विमानातून छायाचित्रे घेऊन सर्व बेटांची पहिली पद्धतशीर गणना केली. तेव्हा एक लाख चाळीस हजारांच्या वर जोड्या भरल्या. हा आकडा आज आपल्याला मोठा वाटतो. पण तो आरंभीचा आकडा नव्हे. साडेचारशे वर्षांच्या खर्चानंतर उरलेली ती शिल्लक होती. अंडी गोळा करणे १९६७ पर्यंत सरकारी परवानगीने चालू राहिले.

तेल आणि मासळी

चौथा खर्च तेलाचा. १९६७ च्या युद्धात सुएझ कालवा बंद झाला तो १९७५ पर्यंत. आखातातील तेलाची जहाजे पुन्हा वास्को द गामाच्या वाटेने केपला वळसा घालून जाऊ लागली. जहाजे वाढली तसे अपघात वाढले, आणि पाण्यावरचा तवंग पेंग्विनांच्या अंगाला लागू लागला. तेल लागले की पिसांतून पाणी आत शिरते आणि पक्षी गारठून मरतो. १९६८ साली अशाच एका तेलगळतीनंतर केप टाउनमध्ये समुद्रपक्ष्यांची शुश्रूषा करणारी सँकॉब ही संस्था निघाली. माणसाच्या इतिहासातील ही एक चांगली नोंद आहे आणि ती आदराने केली पाहिजे.

या संस्थेची कसोटी लागली ती २००० साली. त्या वर्षीच्या जून महिन्यात ‘ट्रेझर’ नावाचे, लोहखनिज वाहून नेणारे जहाज रॉबेन आणि डॅसेन या दोन बेटांच्या मध्ये बुडाले. सुमारे १९,००० पेंग्विन तेलाने माखले. हजारो स्वयंसेवक जमले. एकेक पक्षी धुवायचा, हाताने मासा भरवायचा, पुन्हा धुवायचा, असे काम आठवडेच्या आठवडे चालले. आणखी सुमारे १९,५०० पक्षी अजून स्वच्छ होते. त्यांना पकडून वाहनांतून पूर्वेकडे पोर्ट एलिझाबेथला नेऊन सोडण्यात आले. त्यांना पोहत घरी परतायला दोन-तीन आठवडे लागतील आणि तेवढ्यात समुद्र साफ करून घेता येईल, असा तो बेत होता. बेत साधला. पीटर, पामेला आणि पर्सी अशी नावे दिलेल्या तीन पक्ष्यांच्या पाठीवर यंत्रे बसवली होती, आणि त्यांचा परतीचा प्रवास लोकांनी मोठ्या उत्सुकतेने पाहिला. तेल लागलेल्यांपैकी सुमारे नव्वद टक्के पक्षी बरे होऊन समुद्रात गेले.

पाचवा खर्च मासळीचा, आणि तो सर्वांत जड. दुसऱ्या महायुद्धानंतर या किनाऱ्यावर पर्ससीन जाळ्यांची मासेमारी झपाट्याने वाढली. दक्षिण आफ्रिकेची तारलीची पकड १९६२ च्या सुमारास चार लाख टनांवर गेली आणि लगेच कोसळली. उत्तरेकडे नामिबियाच्या पाण्यात १९६८ साली ती चौदा लाख टनांजवळ पोचली आणि नंतर तीही कोसळली. नामिबियाच्या समुद्रातील तारली त्यानंतर पूर्ववत झालीच नाही. तिच्या जागी जेलीफिश माजले आणि गोबी जातीचा, कमी कसाचा मासा उरला. पकडलेल्या मासळीचा मोठा भाग भुकटी करून कोंबड्यांच्या व डुकरांच्या खाद्यात जाई. आधी पेंग्विनाचे अंडे कोंबडीच्या अंड्याच्या जागी खाल्ले, मग पेंग्विनाचा घास कोंबडीपुढे टाकला. दैव म्हणून सोडून द्यावी अशी ही गोष्ट नाही. ते बाजाराचे गणित होते. १९७९ च्या सुमारास जोड्या उरल्या सुमारे ६९,०००.

खोटी ठरलेली खूण

आता हवामानाकडे येऊ. १९९० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात एक विलक्षण गोष्ट घडली. अँचोव्ही आणि तिच्यामागून तारली, या दोन्हींचा मोठा साठा पश्चिम किनाऱ्यावरून सरकून आगुल्हास भूशिराच्या पूर्वेकडे गेला. पाण्याच्या तापमानात व क्षारतेत झालेले बदल हे त्याचे एक कारण, आणि पश्चिमेकडे झालेली भरमसाट मासेमारी हे दुसरे. मासळी सरकली, पण बेटे कोठून सरकणार? पेंग्विनांची बहुतेक मोठी वस्ती पश्चिमेकडे. पूर्वेकडे आल्गोआ उपसागरापर्यंत मधल्या सुमारे सहाशे किलोमीटरच्या पट्ट्यात घरटे करण्याजोगे बेटच नाही. आणि पेंग्विन एकदा घरटे करून बसला की बहुधा जन्मभर तेथेच येतो. गंमत अशी की, माणसाचेही तसेच झाले. मासळीचे कारखाने पश्चिम किनाऱ्यावर बांधलेले. म्हणून होड्याही पश्चिमेकडे उरलेल्या थोड्या मासळीवरच जाळी टाकीत राहिल्या. दोघेही आपापल्या जागेला बांधलेले, आणि दोघांच्या ताटात एकच मासा!

तरुण पक्ष्यांना जागेचे बंधन नसते. मग ते का गेले नाहीत मासळीच्या मागे? या प्रश्नाचे उत्तर २०१७ साली मिळाले. निरनिराळ्या वसाहतींतील पिल्लांच्या पाठीवर यंत्रे बसवून शास्त्रज्ञांनी त्यांचा मार्ग पाहिला. ही पिल्ले आईबापांच्या मार्गदर्शनाशिवाय प्रथमच समुद्रात उतरतात आणि शेकडो मैल जातात. त्यांना काय हवे ते त्यांच्या रक्तात आहे : थंड पाणी आणि प्लवकाने भरलेले पाणी. अशा पाण्यात मासळी असायचीच, हा हजारो पिढ्यांचा अनुभव. ती खूण धरून पिल्ले पश्चिमेला आणि नामिबियाच्या किनाऱ्याला जातात. पाणी तेथे अजून थंड आहे, प्लवकही आहे, मासळी मात्र नाही. शास्त्रज्ञ याला सापळा म्हणतात. हा सापळा कोणी मुद्दाम लावलेला नाही. वाडवडिलांनी सांगितलेल्या विहिरीवर नातू तहानेने पोचावा आणि विहीर कोरडी निघावी, तसे हे आहे. हा सापळा नसता तर घरटी करणाऱ्या पक्ष्यांची संख्या दुपटीच्या आसपास राहिली असती, असा त्या अभ्यासाचा निष्कर्ष आहे.

मोठ्या पक्ष्यांची गत याहून वाईट झाली. २००४ ते २०११ या काळात पश्चिमेकडील तारलीचा साठा सतत त्याच्या पूर्वीच्या कमाल पातळीच्या एक चतुर्थांशाखाली राहिला. २०२५ च्या अखेरीस प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाप्रमाणे डॅसेन आणि रॉबेन या दोनच बेटांवरील सुमारे ६२,००० प्रौढ पक्षी या आठ वर्षांत नाहीसे झाले. पिसे टाकण्यापूर्वी चरबी साठली नाही, आणि उपास सोडायला समुद्रात घास नव्हता. येथे मुद्दलच गेले.

ही दोन चित्रे शेजारी ठेवून पाहावीत. २००० साली ‘ट्रेझर’ बुडाले तेव्हा ३८,००० वर पक्षी हाताळले गेले, जगाने ते पाहिले, हजारो माणसे कामाला लागली. त्यानंतर चारच वर्षांनी त्याच दोन बेटांवरचे पक्षी उपासमारीने मरू लागले तेव्हा किनाऱ्यावर गर्दी झाली नाही. कारण ते मरत होते समुद्रात, एकेक करून, नजरेआड. अपघाताला तारीख असते, जहाजाला नाव असते. ऱ्हासाला दोन्ही नसते. म्हणूनच इतिहासकाराने त्याची नोंद अधिक काळजीने ठेवली पाहिजे.

जमिनीवरही हवामानाची झळ पोचते. उन्हाचा कडाका वाढला की उघड्या खडकावर बसलेला पक्षी धापा टाकू लागतो. डोळ्यावरच्या गुलाबी कातडीतून तो अंगातली उष्णता बाहेर टाकतो खरा, पण त्यालाही मर्यादा आहे. शेवटी अंडी टाकून तो पाण्याकडे धाव घेतो आणि कुरव अंडी पळवतात. मुसळधार पावसात उथळ घरटी भरून जातात. बीळ असते तर हे टळते. म्हणजे २०२० नंतरच्या उन्हाळ्यात अंडे शिजते, त्याचे अर्धे कारण १८४४ च्या कुदळीत आहे.

दोष कोणाचा?

येथे वादाचा मुद्दा येतो. मासेमारी करणारे म्हणतात : मासळी हवामानाने सरकली, आमच्या होड्या थांबवून काय साधणार? त्यांचे म्हणणे अगदीच टाकाऊ नाही, आणि त्या धंद्यावर किनाऱ्यावरील अनेक कुटुंबांची पोटे आहेत हेही विसरून चालणार नाही. पक्षिमित्र म्हणतात : हवामान आमच्या हाती नाही, जाळी तर आहेत! २००८ पासून काही बेटांभोवती आळीपाळीने मासेमारी बंद ठेवून पाहण्यात आले. त्या प्रयोगाचा अर्थ लावण्यात वर्षे गेली. सरकारने नेमलेल्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांच्या समितीने २०२३ साली सांगितले की, बंदीचा पेंग्विनांना लाभ होतो, मात्र तेवढ्यानेच ऱ्हास थांबणार नाही. दोन्ही पक्षांनी त्यातले आपल्या सोयीचे अर्धे वाक्य उचलले!

आमच्या मते इतिहास पाहणाऱ्याला हा वाद काहीसा निराळा दिसतो. समुद्राचे चढउतार या पक्ष्याने पूर्वीही सोसले. लक्षावधी पक्षी, खोल बिळे, विपुल मासळी, ही त्याची शिल्लक होती; तिच्या बळावर तो वाईट दशके काढी. मांसाने थोडी शिल्लक गेली, खताने घर गेले, अंड्यांनी तरुण पिढ्या गेल्या, तेलाने व जाळ्यांनी उरलेले गेले. प्रत्येक वेळी घेणाऱ्याला वाटले की मागे पुष्कळ उरले आहे. आणि प्रत्येकाने ‘पुष्कळ’ मोजले ते आधीच्याने ठेवलेल्या उरल्यासुरल्यावरून. हवामानाचा घाला पडला तो असा घर रिकामे झाल्यावर. दुष्काळात सावकाराकडे गहाण पडलेला शेतकरी आणि कोठारात धान्य असलेला शेतकरी, दोघांवर पाऊस सारखाच रुसतो. पण मरतो कोण, हे पावसावर ठरत नाही.

म्हणूनच जे हाती आहे ते करण्याला अर्थ आहे. पक्षी अगदीच हतबल नाही, याचेही पुरावे आहेत. १९८० नंतरच्या दशकाच्या आरंभी पेंग्विनांनी आपण होऊन मुख्य भूमीवर, बेटीज बे येथील स्टोनी पॉइंटला आणि केप टाउनजवळच्या बोल्डर्स येथे नव्या वस्त्या केल्या. १९८३ साली जवळजवळ दोन शतकांनी ते रॉबेन बेटावर परतले. २००० नंतर काही वर्षे मासळी उदंड झाली तेव्हा त्यांची संख्या वाढलीही. अन्न आणि निवारा मिळाला की ही जात उभारी धरते. हे जाणून पूर्वेकडील त्या बेट नसलेल्या पट्ट्यात, डी हूप येथे, श्वापदांना रोखणारे कुंपण घालून, सिमेंटचे पेंग्विन मांडून आणि त्यांचे ओरडणे ध्वनिमुद्रित करून ऐकवून नवी वस्ती वसवण्याचा यत्न चालला आहे. २०२१ पासून हातांनी वाढवलेली पिल्ले तेथे सोडण्यात आली. ठिकठिकाणी गेलेल्या बिळांच्या जागी कृत्रिम घरटीही ठेवली आहेत.

आणि जाळ्यांचे काय? २०२४ साली बर्डलाइफ साउथ आफ्रिका व सँकॉब या संस्था सरकारविरुद्ध न्यायालयात गेल्या. मार्च २०२५ मध्ये त्यांच्यात आणि मासेमारी व्यावसायिकांत तडजोड झाली आणि ती न्यायालयाच्या हुकुमात उतरली. डॅसेन, रॉबेन, स्टोनी पॉइंट, डायर, सेंट क्रॉय आणि बर्ड या सहा वस्त्यांभोवती ठरवून दिलेल्या हद्दीत तारली व अँचोव्हीची मासेमारी दहा वर्षे बंद राहील, असे ठरले. पाचशे वर्षांच्या या वहीत खर्चाच्या बाजूला कात्री लावणारी एवढी मोठी नोंद क्वचितच सापडेल. तिला उशीर झाला हे खरे. २००९ साली सुमारे २६,००० जोड्या उरल्या होत्या. २०२३ मध्ये त्या दहा हजारांच्याही खाली गेल्या.

त्या हुकुमाची मुदत २०३५ साली संपेल. ऱ्हासाचा वेग असाच राहिला तर २०३५ च्या सुमारास हा पेंग्विन त्याच्या मुळच्या बेटांवरून नाहीसा होईल, असा इशारा शास्त्रज्ञांनी याच काळात दिला आहे. दोन्ही मुदती एकाच वर्षी भरतात. ग्रेट ऑकच्या वेळी खडकावर चढलेल्या माणसांना आपण शेवटची जोडी मारीत आहोत हे ठाऊक नव्हते, असे म्हणून इतिहास त्यांना थोडी सवलत देऊ शकतो. या वेळी मोजदाद झालेली आहे, कारणे समजलेली आहेत आणि वर्षही लिहून ठेवलेले आहे. तेव्हा पुढची नोंद करणाऱ्याला अशी सवलत देता येणार नाही.